हिराबायचा डावा कोपरा

आत्मकथा लिहायला तुझं वय काय झालंय, असं माझी धाकटी बहीण मला विचारते. मी तिला सांगते, बाकीची मी अजून चाळिशीच्या बरीच अलीकडे आहे, पण माझा डावा गुडघा साठीला टेकलाय, आणि हे प्रकरण त्याचं आहे. जिना उतरायचा असला की आधी तो कुरकुरतो आणि मग मी कठडा धरते. त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नुकतीच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले होते. पुढचं जवळजवळ एक वर्ष मी दोनच ठिकाणी काढलं. एक विचुंब्यातल्या आमच्या घराची गॅलरी, आणि दुसरं नवीन पनवेलमधलं एक जेवणाचं टेबल. गॅलरीत मी रोज असायचे आणि टेबलाशी फक्त शनिवारी दुपारी, तरी त्या वर्षातलं आठवायला बसलं की बहुतेक शनिवारच आठवतात.

आमचं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले. खालची जमीन आमचीच. आजोबांच्या वेळी तिथे भात व्हायचा, मग बिल्डरने तिच्यावर चार मजले चढवले आणि आम्हाला हे दोन फ्लॅट आणि तळाला एक गाळा दिला. गाळ्यात बाबांचं रेती-खडीचं ऑफिस, म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतभर कबड्डीच्या संघांचे फोटो. मागचा एक तुकडा मात्र बाबांनी आणि गावातल्या जुन्या लोकांनी कोणालाच बांधू दिला नाही. तिथे आमच्या मंडळाचं मैदान आहे. आमच्या गॅलरीतून ते सगळं दिसतं, आणि डोळे मिटले तरी ऐकू येतंच. संध्याकाळी पाचला पाण्याचा पाइप मातीवर चालायला लागायचा, मग बाबांची शिट्टी, मग चढाईला निघालेल्या पोरीचं एका श्वासातलं कबड्डी-कबड्डी, आणि मध्येच धप्पकन कोणीतरी आपटायचं. त्याच वेळी आत आई तांदळाची भाकरी थापत असायची. माणूस पडल्याचा आणि भाकरी थापल्याचा आवाज गॅलरीत बसून ऐकला तर सारखाच लागतो. मी दोन्ही मोजत बसायचे.

बाबांना गावात अजून 'डावा' म्हणतात, कारण ते डाव्या कोपऱ्यात खेळायचे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सात जण एकमेकांचे हात धरून उभे असतात आणि दोन टोकांना दोन कोपरे. समोरच्या संघाचा गडी एका दमात आत शिरला की त्याच्या घोट्याला हात घालून त्याला पाडायचं हे कोपऱ्याचं काम. मीही डावा कोपराच होते. आमच्या मंडळात एक रीत आहे. खेळणं सोडणाऱ्याने आपली जर्सी स्वतःच्या हातांनी पुढच्याच्या अंगात घालायची. तो घालत नाही तोवर त्याच्या जागेवरच्या गड्याने साध्या टी-शर्टात खेळायचं, स्पर्धा असली तर पाठीवर कागदाचा आकडा टाचून. बाबांनी मी सोळा वर्षांची असताना मला चार नंबर घातला होता. सगळ्या मैदानासमोर माझे हात बाह्यांत अडकले होते आणि बाबा लहान पोराला कपडे घालावेत तसे ते ओढत होते. ऑपरेशननंतर ती जर्सी आमच्या दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली होती आणि खाली पूर्वा नावाची एक शिडशिडीत पोरगी डाव्या कोपऱ्यात कागद टाचून खेळत होती. बाबांनी जर्सीचा विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही, कारण मी परत जाणार होते.

गुडघा कसा गेला हे सांगायला मला अजून लाज वाटते. पहिल्यांदा तो मुरगळला तेव्हा मी कोणाला सांगितलंच नाही. घट्ट पट्टी बांधून दोन स्पर्धा खेळले. दुसऱ्या स्पर्धेत एका पोरीचा घोटा माझ्या हातात होता, ती मला ओढत रेषेकडे चालली होती, आणि माझ्या पायात काहीतरी तुटलं. घोटा मी सोडला नाही. पॉइंट मिळाला आणि मला उचलून नेलं. डॉक्टरांनी आतली तुटलेली दोरी बदलली, गादी फाटली होती ती थोडी कापून काढली, आणि बाकी काय ते बाबांशी बोलले. मी गुंगीत होते.

व्यायामाला मला पनवेल स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे ऋचाताई होती. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, हात भलते दणकट आणि आवाज एकदम शांत. गुडघा वाकवताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं तेव्हा ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत राहायची. दर खेपेला मी तिला विचारायचे, ताई, मैदानावर कधी? ती म्हणायची, "आधी एवढं तर वाकव." तिसऱ्या महिन्यात एकदा तिने मला विचारलं, "शनिवारी दुपारी काय करतेस?" मी म्हटलं, गॅलरीत बसते. "मग आमच्याकडे ये. आम्ही एक खेळ खेळतो. बसून खेळायचा आहे. आमच्यात पुढे उभं राहणारं कोणी नाहीये, दर वेळी मार खातो." बसून खेळायचा खेळ आणि त्यात पुढे उभं राहायचं, हे काय असेल ते मला कळेना, पण मी हो म्हटलं. त्या दिवसांत मला कोणी पोस्टाच्या रांगेत उभं राहायला बोलावलं असतं तरी मी गेले असते.

टेबलाशी आम्ही चौघं. ऋचाताई गोष्ट चालवायची. जंगल, डोंगर, राक्षस, वाटेत भेटणारी माणसं, सगळं तीच. तिचा भाऊ इशान इंजिनीअरिंगला होता आणि खेळात जादूगार. तिसरा फरहान, बाजारपेठेत वडलांच्या औषधाच्या दुकानात बसायचा आणि खेळातही जखमा बऱ्या करणारा फकीरच झाला होता. प्रत्येकाने आपलं एक माणूस कागदावर रचायचं. त्याला ताकद किती, चपळाई किती, चिवटपणा किती, बुद्धी किती, असे आकडे असतात, आणि जीव किती शिल्लक आहे त्याचाही एक आकडा. मारायचं की पळायचं ते आपण ठरवायचं, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. घरून मी भाकरी आणि जवळ्याची चटणी न्यायचे. ऋचाताईकडे मासळी चालत नसे, म्हणून तिची आई दुपारची झोपली की इशान चटणीवर ताव मारायचा आणि आई उठायच्या आत सगळ्या खिडक्या उघडायचा.

पहिल्या शनिवारी मला कोरा कागद दिला. वाटून द्यायला आकडे ठरलेले होते. सगळ्यात मोठा कुठे घालायचा ते माझ्यावर. मी तो चिवटपणात घातला. त्याखालचा ताकदीत. बुद्धीला सगळ्यात छोटा दिला तेव्हा इशान म्हणाला, "अगं, हिला स्वतःचं नाव तरी वाचता येऊ दे." मी म्हटलं, हिला वाचायचं काय करायचंय. मग चिलखत. पुस्तकात होतं त्यातलं सगळ्यात जाड, लोखंडी, नखापासून मानेपर्यंतचं. दुसऱ्या हातात माणसाएवढी ढाल. नाव ठेवलं हिराबाय. आमच्या आजीची एक बहीण होती त्या नावाची, मिठागरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची आणि तिला कधी कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं. सगळं लिहून झाल्यावर कागदाच्या कोपऱ्यात मी आणखी एक ओळ लिहिली, 'गुडघे: दोन्ही मजबूत'. तशी काही जागा कागदावर नव्हती. ऋचाताईने ती वाचली आणि खोडायला सांगितलं नाही.

मला त्या कागदाचं फार कौतुक वाटायचं. रिक्षात तो मांडीवर सरळ धरून बसायचे. तेव्हा मला कळत नव्हतं, आता कळतं, की मी एक शरीर रचत होते. माझं मोडलं होतं आणि इथे पेन्सिलीने नवं मिळत होतं.

पहिल्याच लढाईत हिराबायची शोभा झाली. पुलावर दहा-बारा खुजे चोर आले. मी हिराबायला बरोबर मधोमध उभं केलं. दोघांनी तिच्यावर वार केले, चिलखतावरून घसरले. मी खूश. मग बाकीचे सगळे तिच्या डावी-उजवीकडून निघून गेले आणि मागे इशानच्या जादूगारावर पडले. हिराबाय ढाल धरून उभीच. तिच्या अंगावर ओरखडा नाही आणि इशानचा जादूगार जमिनीवर, जीव शून्य. "हे काय," मी म्हटलं, "माझ्याशी लढत का नाहीत?" ऋचाताई म्हणाली, "ते चोर आहेत, मूर्ख नाहीत. तुला लागत नाही म्हटल्यावर तुझ्यापाशी थांबतील कशाला?" शेवटचा चोर फरहानने काठीने लोळवला, आणि लगेच पुढच्या पाळीला आपली जखमा भरणारी दुवा वापरून इशानला उठवून उभा केला. त्या दोन गोष्टी एकामागोमाग झाल्या हे माझ्या डोक्यात नीट बसलं. समोरचा एक पडला आणि आपला एक उठला. मला त्यात विचारण्यासारखं काहीच वाटलं नाही.

घरी आले ती तोंड पाडून. रात्रीच्या जेवणाला आईने निवट्यांचं कालवण केलं होतं, खाडीतले ते चिखलात उड्या मारणारे मासे मला जिवापाड आवडतात, तरी मी चिवडत बसले. बाबांनी ताटाशेजारचा कागद उचलला. त्यांच्या बोलण्यात ड ला र आणि ळ ला ल येतो, आमच्या सगळ्याच लोकांच्या येतो. "हे काय लिवलंय?" मी सांगितलं. बाबा असलं काही ऐकून हसतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा लावला आणि संघाची यादी वाचावी तसा तो कागद वाचला.

"हिला उभी कुटं करतंस?"

"सगल्यांच्या पुरं."

"आन तिच्याकरं कोन येतो?"

"कोनच नाय येत."

"येल कशाला," बाबा म्हणाले. "आमी खेलायचो तवा माज्या कोपऱ्यात कोन घुसायचा नाय. मी फुगून बसायचो. मंग आमचे गुरुजी बोल्ले, तू काय देवलातला देव हायस? समोरचा उजव्या कोपऱ्यात जातो आन दोन गुन घेऊन जातो, तुजा काय उपेग? मंग त्यांनी मना पाय दाखवायला शिकवला."

पाय दाखवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, मला बाबांनीच शिकवलं होतं. कोपऱ्याने आपला एक पाय वीतभर पुढे ठेवायचा, जरा ढिला, जणू लक्ष नाही. चढाई करणाऱ्याला वाटतं, हा पाय शिवून पळता येईल. तो वाकतो, आणि वाकला की आपला. एवढी वर्षं मी ते मैदानावर करत होते आणि कागदावर मात्र लोखंडात बसले होते. बाबांनी माझी पेन्सिल घेतली आणि चिलखतावर हळूच एक रेघ मारली. मग निवट्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या रात्री मी पोटभर जेवले.

पुढच्या शनिवारी ऋचाताईने मला हिराबाय नव्याने रचू दिली. जाड लोखंड गेलं, चामड्याचं आलं. अंगावर वार बसायला लागले. ढाल छोटी केली. त्या बदल्यात पुस्तक चाळून चाळून मी दोन कौशल्यं घेतली. एक, जवळून जाऊ पाहणाऱ्याला पकडून जागेवर थांबवायचं. दुसरं, शेजारच्यावर आलेला वार आपल्यावर घ्यायचा. फरहानला मी माझ्या उजव्या हाताला उभं केलं, साखळीत करतात तसं, आणि त्याला बजावलं, हात सोडायचा नाही. "अरे, मी फकीर आहे, पैलवान नाही," तो म्हणायचा, पण उभा राहायचा. आता शत्रू येत होते. हिराबाय मुद्दाम ढाल खाली घ्यायची, तोंडाने घाण घाण बोलायची (ते सगळं आमच्या बोलीत, इशानला अर्धं कळायचं नाही), आणि आलेला परत जायचा नाही. तिला लागायचं, जिवाचा आकडा खाली यायचा, फरहान दुवा द्यायचा, आकडा परत चढायचा. मला वाटतं तेव्हाच ती खरी टिकाऊ झाली. बाबा दर शनिवारी संध्याकाळी मैदानावरूनच हात हलवून विचारायचे, जगली का? मी गॅलरीतून अंगठा वर करायचे.

असे पाच-सहा महिने गेले. माझा पाय बराच वाकायला लागला होता. जिल्ह्याच्या निवडचाचण्या पुढच्या मोसमात होत्या आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. कोणाला सांगितलं नव्हतं. रोज दुपारी घरात कोणी नसताना दाराला कडी लावून मी कोपऱ्यातली बैठक घ्यायचे, अर्धी, मग पाऊण. ठणकायचं. ठणकणारच, असं म्हणायचे. दारामागची जर्सी मधूनमधून धुवून परत टांगायचे.

मग तो शनिवार. आमच्या गोष्टीत एका खिंडीखाली एक गाव होतं, आणि खिंडीतून एक दगडी राक्षस उतरत होता. तो गावात पोहोचला की गाव संपलं. इशानकडे त्याला फोडणारा मंत्र होता, पण तो पुरा व्हायला तीन पाळ्या लागणार होत्या, आणि तोवर कोणीतरी राक्षसाला खिंडीत धरून ठेवायचं. हिराबायने घोट्याला हात घातला. फासा छान पडला. राक्षस थांबला. पहिल्या पाळीत त्याने दिलेल्या तडाख्यात तिचा अर्धा जीव गेला, दुसऱ्या पाळीत मी कागदावर लिहिलं, जीव तीन. फरहानकडे शेवटची एक दुवा शिल्लक होती. त्याच वेळी वरून दगड गडगडत आले आणि इशानही लोळायला आला.

"मी हिराबायला देतो," फरहान म्हणाला.

"मला नको. इशानला दे. मंत्र तुटला तर सगळं गेलं."

"अगं तीन आहेत तुझे. घोटा सोड आणि मागे ये मग."

"सोडत नाही. तू इशानला दे."

"जिद नको करूस यार, अल्ला के वास्ते. मरेल ती."

मी हसले. मला ते तिघं माझ्याकडे कसे बघत होते ते अजून दिसतं. त्यांना वाटलं केवढं हिचं धाडस. धाडस कसलं, मला भीतीच वाटत नव्हती. फरहानने इशानला दुवा दिली. राक्षसाचा हात खाली आला. हिराबाय शून्यावर गेली, तरी पकड सुटत नाही असं तिच्या कौशल्यात लिहिलेलं होतं, पाळी संपेपर्यंत. ऋचाताई म्हणाली, आता जगते की जाते याचे तीन फासे टाक. मी ते शेंगदाणे टाकावेत तसे टाकले. तिन्ही वाईट पडले. मी कागद उलटा करून बाजूला सरकले, खुर्चीसकट, बाद झाल्यावर रेषेबाहेर जाऊन बसतात तशी. मग इशानचा मंत्र पुरा झाला आणि राक्षसाचे खिंडीत तुकडे झाले. मी टाळी वाजवली, खुर्ची परत टेबलाशी ओढली, कागद सुलटा केला आणि पेन्सिल घेतली. "पडला. हिराबाय आत."

फरहान खाली बघत होता.

"दर्शना," ऋचाताई म्हणाली, "हिराबाय गेली."

"हो, पण आपण त्याला पाडला ना. आता माझा नंबर. आत येणार ती."

"आत म्हणजे कुठे?"

मी त्यांना समजावून सांगितलं. आपला गडी बाद होतो, बाजूला बसतो. आपल्या लोकांनी समोरचा एक पाडला की आपला एक उठतो आणि परत आत येतो. बाद होण्याला घाबरतो तो कोपरा कसला. सांगता सांगता माझाच आवाज मला बारीक वाटायला लागला. "पहिल्या दिवशी इशान नव्हता का उठला?" मी म्हटलं. इशान म्हणाला, "मला फरहानने उठवलं होतं. मी मेलो नव्हतो, पडलो होतो. दर्शना, ही कबड्डी नाहीये." तो ते अगदी हळू म्हणाला, चिडवायला नाही.

ते दोघं चहा करायला म्हणून आत गेले. चहा करायला दोघं लागत नाहीत. मी कागदाकडे बघत होते. 'गुडघे: दोन्ही मजबूत' ही ओळ सगळ्या खाडाखोडीतून अजून जशीच्या तशी होती. मी रडत होते, आणि ऋचाताई माझ्याकडे बघत होती, कॅलेंडरकडे नाही. मला त्या क्षणी कसं कळलं ते सांगता येत नाही, पण कळलं.

"ताई, माझ्या गुडघ्याचंही असंच आहे?"

"चालशील," ती म्हणाली. "डोंगर चढशील. सायकल, पोहणं, सगळं. कोपऱ्यात परत बसायचं नाही. पुन्हा फाटला तर नीट चालताही येणार नाही. तुझ्या बाबांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं मी. ते म्हणाले, तिला मी सांगतो. त्यांनी सांगितल्यावर तुझ्याशी बोलू म्हणून मी थांबले, आणि थांबतच गेले. ते माझं चुकलं."

मी रिक्षा करून घरी आले. बाबा मैदानावर पाइपने पाणी मारत होते, पोरी यायच्या होत्या. त्यांनी हात हलवला, जगली का? मी जवळ गेले.

"हिरा गेली."

बाबांनी पाइप खाली ठेवला. "कशी?" मी सांगितलं, खिंड, राक्षस, तीन पाळ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घोटा सोरला?"

"नाय."

"मंग," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमाला ठाव व्हतं."

पाणी एकाच जागी साचत होतं. बाबा पाइपकडे बघत म्हणाले, "रोज सांगनार व्हतो. तू जेवाला बसायचीस, बोलायचो जेवू दे. जेवलीस का तो कागद घेऊन बसायचीस. मना वाटायचं, खेलतंय तवर खेलू दे."

मला त्यांचा इतका राग आला होता की मी तो कागद त्यांच्या हातात कोंबला आणि वर निघून गेले. आठ दिवस बोलले नाही. आयुष्यात एवढे दिवस मी बाबांशी कधीच अबोला धरला नव्हता. ते माझ्या ताटात मासा वाढायचे, मी तो बहिणीच्या ताटात ठेवायचे. आज माझ्याही हाताखाली मैदानावर बारा-चौदा पोरी आहेत, आणि त्यांतल्या एकीला अशीच एक गोष्ट सांगायला मी मागच्या वर्षी तीन आठवडे लावले. ते तीन आठवडे मला बाबा फार आठवले. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं की ज्या माणसाने मला पाय दाखवायला शिकवलं त्याने माझ्यापासून तोंड लपवलं.

आठव्या दिवशी आईने गाळ्यातून चावी आणायला पाठवलं. बाबा नव्हते. भिंतीवर संघाचे फोटो नेहमीसारखेच होते, त्यांचा स्वतःचा, गुरुजींचा, माझ्या पहिल्या स्पर्धेचा. माझ्या फोटोच्या शेजारी चार टाचण्या मारून हिराबायचा कागद लावला होता. चुरगळला होता तो हाताने सरळ केलेला दिसत होता. मी तिथे किती वेळ उभी होते ठाऊक नाही. चावी विसरून वर आले.

संध्याकाळी गॅलरीत बसले. खाली सराव चालू होता. पूर्वा डाव्या कोपऱ्यात, पाठीवर कागदाचा चार टाचलेला, दोन्ही पाय पोटाशी घेतल्यासारखे मागे. चढाईला येणारी प्रत्येक पोरगी तिच्याकडे एकदा बघायची आणि उजवीकडे वळायची. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. बाबा ओरडत होते, "पाय, पूर्वा, पाय!" आणि पूर्वा पाय आणखी मागे घेत होती. पाठीवरचा कागद एका टाचणीवर लोंबत होता.

मी उठले, दारामागची जर्सी काढली आणि खाली गेले. जिना मी एकेक पायरी करून उतरले. मैदानाच्या कडेला पोचले तेव्हा बाबांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि दोन पावलं मागे सरकले. पूर्वाला काय चाललंय ते कळलं आणि ती घाबरली. मी तिच्या पाठीवरचा कागद काढला. जर्सी तिच्या डोक्यातून घातली, ती तिला मोठी होत होती आणि तिचे हात बाह्यांत अडकले. मी ते ओढून बाहेर काढले. मला वाटलं होतं मी रडेन, पण बाह्या सरळ करण्यातच वेळ गेला.

"बस खाली," मी तिला म्हटलं. "आता पाय पुरं ठेव. वीतभर. ढिला सोड. लागंल, घाबरू नको."

तिने पाय पुढे ठेवला. मी रेषेबाहेर जाऊन बाबांच्या शेजारी उभी राहिले. बाबांनी शिट्टी वाजवली. समोरून पोरगी कबड्डी-कबड्डी करत आत आली, नेहमीसारखी उजवीकडे चालली, मध्येच थबकली, आणि डावीकडे वळली.